आठ हजार भागधारकांचे दोराबजी

१९०७ सालचा ऑगस्ट महिना सरत आला होता. मुंबईतील टाटांच्या कचेरीपुढे त्या दिवसांत सकाळपासून रात्रीपर्यंत माणसांची रीघ लागलेली असे. त्यांत तरुण होते, वृद्ध होते, गडगंज श्रीमंत होते आणि जेमतेम शिल्लक गाठीशी असलेलेही होते. स्त्रियाही मागे नव्हत्या. या सर्वांना अशा एका कंपनीचे भाग घ्यायचे होते, जिचा कारखाना अजून कागदावरच होता. त्याची नेमकी जागासुद्धा पक्की व्हायची होती. जो माल ही कंपनी काढणार होती ते पोलाद हिंदुस्थानात व्यापारी प्रमाणावर यशस्वीपणे कोणी काढून दाखवलेले नव्हते. तरीही तीन आठवड्यांच्या आत कारखाना उभारण्यास लागणारे सारे भांडवल जमा झाले. ते देणाऱ्यांची संख्या सुमारे ८,००० होती आणि ते सगळे हिंदी होते.

या कंपनीचे पहिले अध्यक्ष दोराबजी जमशेटजी टाटा. २६ ऑगस्ट १९०७ रोजी टाटा आयर्न अँड स्टील कंपनीची नोंदणी झाली आणि दुसऱ्याच दिवशी दोराबजींनी वयाची अठ्ठेचाळीस वर्षे पूर्ण केली. पुढची पंचवीस वर्षे, म्हणजे अखेरच्या श्वासापर्यंत, ते या कंपनीच्या अध्यक्षपदी राहिले. जमशेटजींच्या दूरदृष्टीची कथा महाराष्ट्रात आणि महाराष्ट्राबाहेरच्या मराठी घरांतही वारंवार सांगितली जाते. परंतु ती दृष्टी लोकांच्या पैशावर उभी करणे आणि त्या पैशाला आयुष्यभर जबाबदार राहणे, हे काम त्यांच्या थोरल्या मुलाच्या वाट्याला आले. ते काम किती जड होते, हे पुढील काळात दिसून आले.

वडिलांच्या छायेत

दोराबजींचा जन्म २७ ऑगस्ट १८५९ रोजी मुंबईत झाला. घराणे मूळचे नवसारीचे. त्या काळी नवसारी बडोद्याच्या गायकवाडांच्या राज्यात होती. मुंबईतील शालेय शिक्षणानंतर १८७५ मध्ये त्यांना इंग्लंडला पाठवण्यात आले आणि १८७७ मध्ये ते केंब्रिजच्या गॉनव्हिल अँड कीज महाविद्यालयात दाखल झाले. पुस्तकांइतकाच त्यांचा ओढा मैदानाकडे होता. क्रिकेट, फुटबॉल, टेनिस, नौकानयन आणि घोडेस्वारी या सर्वांत ते रमत. दोन वर्षांनी ते मुंबईस परतले आणि १८८२ मध्ये सेंट झेवियर्स महाविद्यालयातून पदवीधर झाले.

त्यानंतर जमशेटजींनी मुलाला लगेच गादीवर बसवले नाही. दोराबजींनी दोन वर्षे 'बॉम्बे गॅझेट' या इंग्रजी वृत्तपत्रात उमेदवारी केली. १८८४ मध्ये ते वडिलांच्या पेढीच्या कापूस विभागात आले. पाँडिचेरीस कापडाची गिरणी काढणे किफायतशीर ठरेल का, याची पाहणी करण्यास त्यांना पाठवण्यात आले. त्यानंतर त्यांनी नागपूरच्या एम्प्रेस मिलमध्ये कामाचे धडे घेतले. १८७७ मध्ये सुरू झालेली ही गिरणी जमशेटजींच्या व्यवसायाचा पाया मानली जाई. यंत्रे, कामगार, कच्चा माल आणि हिशेब यांचा मेळ कसा घालायचा, हे दोराबजी नागपुरात शिकले. पुढे पोलादाच्या शोधातील एक महत्त्वाचा प्रसंगही याच शहरात घडणार होता.

१८९८ मध्ये त्यांचा विवाह मेहेरबाई भाभा यांच्याशी झाला. मेहेरबाईंचे वडील होरमसजी भाभा हे म्हैसूर संस्थानात शिक्षण खात्याचे वरिष्ठ अधिकारी होते. पुढे अणुशास्त्रज्ञ म्हणून विख्यात झालेले होमी भाभा हे मेहेरबाईंचे भाचे. दोराबजी शीघ्रकोपी म्हणून ओळखले जात, तर मेहेरबाई शांत, खेळकर आणि सार्वजनिक कार्यात उत्साहाने पुढे असणाऱ्या होत्या. या दांपत्याला अपत्य झाले नाही.

नकाशावरचा गडद रंग

पोलादाची कल्पना जमशेटजींच्या मनात १८८२ पासून होती. त्या वर्षी मध्य प्रांतातील चांदा जिल्ह्याच्या, म्हणजे आजच्या चंद्रपूरच्या, लोहखनिजाविषयीचा एका जर्मन तज्ज्ञाचा अहवाल त्यांच्या वाचनात आला. लोहारा येथे उत्तम खनिज होते आणि जवळच वरोऱ्याला दगडी कोळसा होता. पण खाणकामाविषयीचे सरकारी नियम इतके जाचक होते की पुढे काही करणे शक्य झाले नाही. १८९९ मध्ये लॉर्ड कर्झनच्या कारकिर्दीत ते नियम सैल झाले. तेव्हा साठीला आलेल्या जमशेटजींनी हे काम पुन्हा हाती घेतले. १९०२ मध्ये ते अमेरिकेस गेले आणि चार्ल्स पेज पेरिन या नामांकित अभियंत्याला त्यांनी आपल्या कामाशी जोडून घेतले. पेरिन यांनी सी. एम. वेल्ड या भूगर्भतज्ज्ञाला पुढे हिंदुस्थानात धाडले.

वेल्ड यांच्याबरोबर चांद्याच्या रानात बैलगाडीने आणि पायी हिंडण्याचे काम दोराबजींनी आणि त्यांचे आतेभाऊ शापुरजी सकलातवाला यांनी केले. खनिज सापडले, परंतु भट्टीसाठी लागणारा कोक ज्यापासून तयार करावा, तसा कोळसा जवळपास नव्हता. निव्वळ लोखंडाचा डोंगर असून भागत नाही. तो वितळवायला योग्य कोळसा, मळी वेगळी काढायला चुनखडी, यंत्रे थंड ठेवायला भरपूर पाणी आणि माल हलवायला आगगाडी, एवढे सारे एका आवाक्यात असावे लागते. वेल्ड यांनी चांद्याची आशा सोडून देण्याचा सल्ला दिला.

ही नकाराची वार्ता सरकारी अधिकाऱ्यांना कळवण्यासाठी दोराबजी नागपूरच्या सचिवालयात गेले. अधिकारी भेटण्यास अवकाश होता, म्हणून ते समोरच्या वस्तुसंग्रहालयात शिरले. तेथे मध्य प्रांताचा भूगर्भीय नकाशा लावलेला होता आणि त्यावर दुर्ग जिल्ह्याचा काही भाग गडद रंगाने दाखवलेला होता. तो रंग लोहखनिजाचा होता. दोराबजींनी वेल्ड यांना गाठले आणि त्यातून धल्ली-राजहराच्या डोंगरांचा शोध लागला. तिथले खनिज इतके शुद्ध होते की त्या डोंगरावर चालताना पायाखाली लोखंडाचाच नाद येई. पण कोळसा आणि पाणी यांची अडचण तेथेही सुटेना. अनेक दशकांनंतर भिलाईच्या सरकारी कारखान्याने याच डोंगरांचा आधार घेतला.

याच सुमारास प्रमथनाथ बोस या बंगाली भूगर्भशास्त्रज्ञाचे पत्र टाटांकडे आले होते. सरकारी भूगर्भ खात्यातून निवृत्त होऊन बोस ओरिसातील मयूरभंज संस्थानाच्या सेवेत गेले होते. संस्थानातील गोरुमहिसानी डोंगरात विपुल लोहखनिज असून झरियाचा कोळसा तेथून फार दूर नाही, असे त्यांनी २४ फेब्रुवारी १९०४ च्या पत्रात कळवले. अखेर हाच धागा पक्का ठरला. तो पक्का झालेला पाहणे मात्र जमशेटजींच्या नशिबी नव्हते. १९ मे १९०४ रोजी जर्मनीतील बाड नाउहाइम येथे त्यांचे निधन झाले. पोलादाचा कारखाना, पश्चिम घाटातील पाण्यावरची वीज आणि विज्ञानाची उच्च संस्था ही तिन्ही कामे अपुरी राहिली. ती दोराबजी आणि त्यांचे धाकटे बंधू रतनजी यांच्याकडे आली.

या साऱ्या शोधाचा खर्च टाटांनी स्वतःच्या पेढीतून केला, ही गोष्ट येथे लक्षात ठेवण्याजोगी आहे. चांदा सोडले, दुर्ग सोडले, वर्षे गेली, परदेशी तज्ज्ञांची मानधने दिली गेली. तोवर लोकांकडे एक रुपयाही मागितलेला नव्हता. खनिज, कोळसा आणि पाणी यांचा हिशेब जुळल्यावरच जाहीर भांडवलाचा विषय निघाला.

लंडनहून मुंबईकडे

एवढ्या मोठ्या उद्योगाचे भांडवल त्या काळी लंडनमध्येच उभे राहते, अशी सर्वमान्य समजूत होती. दोराबजी, पेरिन आणि टाटांचे विश्वासू सहकारी बरजोरजी पादशहा यांनी लंडनच्या नाणेबाजारात खटपट करून पाहिली. बाजार मंद होता. हिंदुस्थानी माणसांनी चालवलेल्या पोलाद कारखान्यावर तेथील धनिकांचा विश्वास बसेना. जे थोडेबहुत राजी होते त्यांना कारभाराची सूत्रे आपल्या हाती हवी होती. सरकारी गोटातही थट्टेचाच सूर होता. रेल्वे बोर्डाचे प्रमुख सर फ्रेडरिक अपकॉट यांनी तर, टाटांनी सरकारी कसोटीला उतरणारे रूळ काढले तर ते सगळे आपण खाऊन दाखवू, अशा अर्थाचा शेरा मारल्याची कथा प्रसिद्ध आहे. त्याच सरकारने पुढे एक मोलाचे आश्वासनही दिले. माल कसोटीस उतरला तर आयात मालाच्या भावाने दरवर्षी २०,००० टन रूळ दहा वर्षे विकत घेण्याचे सरकारने मान्य केले.

मुंबईत भांडवल उभारण्याचा निर्णय झाला तेव्हा देशातील हवा बदललेली होती. १९०५ च्या वंगभंगानंतर स्वदेशीची लाट बंगालमधून महाराष्ट्रात आली होती आणि लोकमान्य टिळकांनी ती गावोगावी पोहोचवली होती. एकेक पैसा गोळा करून स्वदेशी उद्योगाला भांडवल पुरवणारा पैसा फंड महाराष्ट्रात याच काळात काम करीत होता आणि त्यातूनच तळेगावचा काच कारखाना उभा राहिला. परदेशी कापडाची होळी करणे सोपे होते. स्वतःची शिल्लक काढून स्वदेशी कारखान्यात घालणे ही त्याहून कठीण परीक्षा होती.

कंपनीचे मूळ भागभांडवल २ कोटी ३१ लाख ७५ हजार रुपयांचे होते. साधारण भाग ७५ रुपयांचा, अग्रहक्काचा भाग १५० रुपयांचा आणि ज्याला बाजारात पुढे 'टाटा डिफर्ड' म्हणून नाव मिळाले तो भाग ३० रुपयांचा. आज हे आकडे किरकोळ वाटतील. त्या वेळच्या गिरणी कामगाराला एक साधारण भाग घ्यायचा तर कित्येक महिन्यांची सारी कमाई मोजावी लागली असती. अर्थात आठ हजारांतले सगळेच लहान नव्हते. मोठे व्यापारी होते, संस्थानिक होते, त्यांनी मोठे वाटे उचलले. पण दोन-चार भागांपुरतीच ऐपत असलेली माणसेही त्याच रांगेत होती. त्यांच्यापाशी खनिजाचा कस तपासण्याचे साधन नव्हते आणि भट्टीचे गणित कळण्याइतकी माहितीही नव्हती. टाटांचे नाव आणि देशात पोलाद व्हावे ही इच्छा, एवढ्याच दोन गोष्टींवर त्यांनी पैसे दिले.

काही काळाने खेळत्या भांडवलासाठी ४ लाख पौंडांचे, म्हणजे त्या वेळच्या दराने ६० लाख रुपयांचे, कर्जरोखे काढावे लागले. ते सगळेच्या सगळे एका व्यक्तीने घेतले. ते होते ग्वाल्हेरचे महाराज माधवराव शिंदे. लंडनने नाकारलेल्या कारखान्याला अशा रीतीने मुंबईच्या रांगेने आणि ग्वाल्हेरच्या खजिन्याने उभे केले.

साकचीचे रान

१९०७ च्या अखेरीस सुवर्णरेखा आणि खरकाई या नद्यांच्या संगमाजवळ, कालिमाटी स्थानकापासून जवळच असलेले साकची हे गाव कारखान्यासाठी निश्चित झाले. १९०८ मध्ये जंगलतोड सुरू झाली. गाव वसवताना रुंद रस्ते, दुतर्फा सावलीची झाडे, बागा, खेळाची मैदाने आणि सर्व धर्मीयांच्या प्रार्थनास्थळांसाठी जागा राखून ठेवावी, असे जमशेटजींनी १९०२ मध्येच दोराबजींना पत्राने कळवले होते. ते पत्र मुलाने आज्ञेसारखे मानले.

२ डिसेंबर १९११ रोजी पहिले लोखंड भट्टीतून बाहेर पडले आणि १६ फेब्रुवारी १९१२ रोजी पोलादाची पहिली लगड तयार झाली. त्याच वर्षी कारखान्यात आठ तासांची पाळी लागू झाली. इंग्लंडमध्येही तेव्हा तसा कायदा झालेला नव्हता. दोन वर्षांनी पहिले महायुद्ध पेटले आणि टाटांचे रूळ मेसोपोटेमिया, इजिप्त आणि पूर्व आफ्रिकेच्या आघाड्यांवर गेले. अपकॉट यांनी आपला शब्द पाळला असता तर त्यांना अपचनच झाले असते, असे दोराबजी गमतीने म्हणत. युद्ध संपल्यावर जानेवारी १९१९ मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड चेम्सफर्ड साकचीला आले आणि त्या गावाला जमशेदपूर हे नाव मिळाले. कालिमाटी स्थानक टाटानगर झाले.

इतर दोन अपुरी कामेही या काळात मार्गी लागली. बंगळूरची विज्ञान संस्था १९०९ मध्ये स्थापन झाली. लोणावळ्याच्या तलावांतील पाणी खोपोलीला उतरवून निर्माण केलेली वीज १९१५ मध्ये मुंबईच्या गिरण्यांना मिळू लागली. १९१० मध्ये दोराबजींना 'सर' हा किताब मिळाला होता.

युद्धकाळातील नफ्यामुळे कंपनीच्या भागांचे भाव चढले. तीस रुपयांचा डिफर्ड भाग मूळ किमतीच्या कित्येक पटींनी विकला जाऊ लागला आणि मुंबईच्या शेअर बाजारातील सटोडियांचा तो लाडका झाला. १९०७ मध्ये स्वदेशीसाठी पैसे देणारा माणूस आणि १९१८ मध्ये झटपट नफ्यासाठी भाग घेणारा माणूस यांच्यात फार अंतर होते. भागधारकांच्या नोंदवहीत मात्र दोघांची नावे एकाखाली एक लिहिलेली होती.

अनवाणी धावणारे

दोराबजींच्या स्वभावाची दुसरी बाजू याच वर्षांत पुण्यात दिसली. ते डेक्कन जिमखान्याचे अध्यक्ष होते. जिमखान्याच्या १९१९ च्या स्पर्धांत खेड्यापाड्यांतून आलेले तरुण अनवाणी लांबच्या शर्यती धावताना त्यांनी पाहिले. कसलेही शास्त्रीय शिक्षण नसताना त्यांची वेळ युरोपातील धावपटूंच्या जवळपास जाते, हे त्यांच्या अनुभवी नजरेला जाणवले. पुढच्या वर्षी अँटवर्पच्या ऑलिम्पिकला हिंदुस्थानचा छोटासा चमू गेला. त्याच्या खर्चाचा मोठा भार दोराबजींनी उचलला. या चमूत बेळगावचे फडेप्पा चौगुले होते. मॅरेथॉनमध्ये त्यांचा एकोणिसावा क्रमांक आला. पदक मिळाले नाही. पण देशाचे नाव तेथे प्रथमच अशा रीतीने नोंदले गेले. दोराबजी पुढे आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीचे सदस्य आणि १९२७ मध्ये स्थापन झालेल्या भारतीय ऑलिम्पिक संघटनेचे पहिले अध्यक्ष झाले. ज्यांच्याजवळ अंगच्या ताकदीखेरीज काहीच नव्हते अशा माणसांवर त्यांनी पैसे लावले. कधीकाळी लोकांनी त्यांच्यावर लावले होते तसेच.

विस्तार, मंदी आणि गहाण

युद्धाच्या तेजीत, १९१७ पासून, कारखान्याच्या फार मोठ्या विस्ताराची योजना हाती घेण्यात आली होती. आज मागे वळून पाहता या योजनेने कंपनी जवळजवळ बुडवली, असेच म्हणावे लागते. यंत्रसामग्रीच्या किमती ठरल्यापेक्षा कितीतरी वाढल्या, ती वेळेवर आली नाही आणि ती उभी राहीपर्यंत युद्धानंतरची तेजी संपून गेली. युरोपातून स्वस्त पोलादाचा पूर हिंदुस्थानच्या बंदरांत येऊ लागला. टाटांच्या लोखंडाचे मोठे गिऱ्हाईक जपान होते. १९२३ च्या भीषण भूकंपाने तेही कोलमडले. जमशेदपूरच्या कामगारांनी १९२० आणि १९२२ मध्ये संप केले. महागाईत होरपळलेल्या माणसांची मागणी अवास्तव नव्हती, पण कंपनीची तिजोरी रिती होत चालली होती.

बाजारात भाग कोसळले. ज्यांनी चढ्या भावाने घेतले होते त्यांचे नुकसान झाले. त्यांच्याबरोबर, १९०७ पासून भाग जपून ठेवलेल्या माणसांची पुंजीही आटली. साधारण भागधारकांना पुढे अनेक वर्षे लाभांश मिळाला नाही. कंपनीच्या सभांतून व्यवस्थापनावर टीका झाली आणि ती सगळीच चुकीची नव्हती. कंपनी सरकारने ताब्यात घ्यावी अशी सूचनाही एका बैठकीत झाली, तेव्हा दोराबजींचे चुलते-नात्यातील सहकारी आर. डी. टाटा यांनी टेबलावर मूठ आपटून, आपण जिवंत असेपर्यंत तसे होणार नाही, असे बजावले.

१९२४ मध्ये एके दिवशी जमशेदपूरहून तार आली. कामगारांचा पगार करण्याइतकेही पैसे शिल्लक नव्हते. मर्यादित जबाबदारीच्या कंपनीत अध्यक्षाची वैयक्तिक मालमत्ता सुरक्षित असते. भागधारक आपल्या भागापुरता बुडतो, अध्यक्षही तेवढाच बुडतो. कायद्याने दोराबजींना हात झटकून बाजूला होणे शक्य होते. त्यांनी आपली सुमारे एक कोटी रुपयांची वैयक्तिक मालमत्ता इम्पीरियल बँकेकडे तारण ठेवली आणि कंपनीसाठी एक कोटीचे कर्ज मिळवले. तारणात मेहेरबाईंचे दागिनेही होते. २४५ कॅरटांचा, कोहिनूरपेक्षा दुपटीहून मोठा ज्युबिली हिरा दोराबजींनी पत्नीसाठी विकत घेतला होता. तोही त्यांत होता असे सांगितले जाते. कामगारांचे पगार झाले आणि भट्ट्या विझल्या नाहीत.

या एका कृतीने कंपनी तरली असे म्हणणे मात्र अर्धसत्य ठरेल. त्याच वर्षी मध्यवर्ती कायदेमंडळाने पोलाद उद्योगाला संरक्षण देणारा कायदा संमत केला आणि परदेशी पोलादावरील जकात वाढली. राष्ट्रीय पक्षाच्या सभासदांनी त्याला पाठिंबा दिला, पण कामगारांना न्याय मिळावा आणि वरच्या जागांवर हिंदी माणसे यावीत असा आग्रहही धरला. संरक्षणाची किंमत शेवटी महाग पोलाद विकत घेणाऱ्या सामान्य ग्राहकाने दिली. म्हणजे १९०७ मध्ये आठ हजारांनी उभा केलेला कारखाना १९२४ मध्ये साऱ्या देशाने सावरला. दोराबजींच्या गहाणवटीचे मोल याने कमी होत नाही. मदत येईपर्यंतचे दिवस त्यांनी स्वतःच्या घरावर ओढून घेतले होते.

मुळशीचा प्रश्न

दोराबजींच्या आयुष्याची ही बाजू सांगताना मुळशीला वगळता येत नाही. पुण्याजवळील मुळशी पेट्यात टाटांच्या वीज कंपनीने धरण बांधण्याचे ठरवले आणि त्याखाली मावळ्यांच्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या भातजमिनी जाणार होत्या. १९२१ मध्ये पांडुरंग महादेव बापट यांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह सुरू झाला आणि त्यातूनच बापट यांना सेनापती ही उपाधी मिळाली. शेतकऱ्यांनी मार खाल्ला, तुरुंग भोगला, पण धरण थांबले नाही.

स्वदेशी भांडवलाच्या बाजूने उभ्या राहिलेल्या महाराष्ट्राला या लढ्याने पेचात टाकले. टाटांची कंपनी स्वदेशी होती, तिचे भागधारक देशीच होते आणि तिची वीज मुंबईच्या गिरण्यांना हवी होती. पण मावळातील शेतकऱ्याने आपली जमीन भागधारकासारखी स्वखुशीने दिलेली नव्हती. भूसंपादनाच्या सरकारी कायद्याने ती घेतली गेली. पैसे देणाऱ्याचा विश्वास सांभाळणारे घराणे जमीन गमावणाऱ्याचे समाधान करू शकले नाही. हे शल्य मराठी मनात दीर्घकाळ राहिले आणि दोराबजींच्या कारकिर्दीचा हिशेब मांडताना ते खात्यावर धरावेच लागते.

शेवटचा हिशेब

उतारवयात दोराबजींभोवतीची माणसे एकेक करून गेली. धाकटे बंधू सर रतनजी १९१८ मध्येच निवर्तले होते. आर. डी. टाटा १९२६ मध्ये गेले. १९३१ च्या जूनमध्ये मेहेरबाई वेल्समधील रुग्णालयात रक्ताच्या कर्करोगाने वारल्या. या आघातातून दोराबजी सावरले नाहीत. पण त्यांनी आवराआवर मात्र व्यवस्थित केली.

मार्च १९३२ मध्ये त्यांनी आपली जवळजवळ सर्व संपत्ती एका विश्वस्त निधीच्या स्वाधीन केली. टाटा सन्समधील भाग, इतर कंपन्यांतील भाग, स्थावर मालमत्ता आणि पत्नीचे दागिने, असे सगळे मिळून सुमारे एक कोटीचे हे धन होते. जात, धर्म वा प्रांत न पाहता शिक्षण, संशोधन आणि संकटग्रस्तांची मदत यांसाठी ते खर्च व्हावे अशी व्यवस्था त्यांनी केली. पुढच्याच महिन्यात मेहेरबाईंच्या स्मरणार्थ रक्ताच्या कर्करोगावरील संशोधनासाठी २५ लाखांचा वेगळा निधी उभारला. मग ते पत्नीच्या समाधीच्या दर्शनासाठी युरोपला निघाले. वाटेत ३ जून १९३२ रोजी जर्मनीतील बाड किसिंगेन येथे त्यांचे निधन झाले. ज्या देशात वडिलांनी प्राण सोडला, त्याच देशात मुलाचाही अंत झाला. इंग्लंडमधील ब्रुकवुड दफनभूमीत मेहेरबाईंच्या शेजारी त्यांना विसावा मिळाला.

ज्युबिली हिरा पुढे विकला गेला. दोराबजींनी ठेवलेल्या निधीच्या आधाराने मुंबईत १९३६ मध्ये समाजविज्ञानाची संस्था, १९४१ मध्ये परळचे टाटा मेमोरियल रुग्णालय आणि १९४५ मध्ये मूलभूत संशोधनाची संस्था उभी राहिली. गोवा, बेळगाव आणि महाराष्ट्रातून आजही कितीतरी घरांतली माणसे रोग्याला घेऊन परळच्या त्या रुग्णालयाच्या पायऱ्या चढतात. तेथील पैशाचा माग काढत गेले तर तो काही अंशी जमशेदपूरच्या भट्टीपर्यंत आणि तिच्याही मागे १९०७ च्या त्या रांगेपर्यंत पोहोचतो.

त्या रांगेतील बहुतेकांची नावे आज कोणाला ठाऊक नाहीत. त्यांतल्या काहींना भरघोस नफा झाला, काहींनी लाभांशाची वाट पाहत उतारवय घालवले, काहींचे भाग वारसांनी मंदीत मातीमोलाने विकले. नव्या वस्तूचा, नव्या विद्येचा कारखाना काढणाऱ्यांमागे आजही अशीच लहान शिल्लक असलेली माणसे उभी राहतात. त्यांनाही प्रयोगशाळेत काय चालले आहे ते पाहता येत नाही. ती आपले पैसे देतात ते समोरच्या माणसाकडे पाहून. कारखाना चुकला, विस्तार फसला, बाजार उलटला, तर तो माणूस कोठे उभा असेल, एवढेच त्यांना जाणून घ्यायचे असते. दोराबजींच्या हातून चुका झाल्या आणि त्यांची झळ त्यांच्या भागधारकांना पोहोचली. पण १९२४ च्या त्या तारेनंतर ते कोठे उभे होते, याचे उत्तर इम्पीरियल बँकेच्या तारणाच्या वहीत होते.